एका पापुद्र्याचं चुंबक

माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीतली निदान बारा वर्षं मी एका बंद नळीकडे बघत घालवली. नळी क्वार्ट्झची, वीतभर लांब आणि बोटभर जाड. ती भट्टीत आडवी ठेवायची, एक टोक जास्त गरम, दुसरं जरा कमी, आणि मग पंधरा दिवस तिला हात लावायचा नाही. मी नगरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होतो. तास संपले की तळमजल्यावरच्या एका अरुंद खोलीत जाऊन भट्टीचे आकडे वहीत टिपायचो. पंधरा दिवसांनी नळी फोडली की नशीब असेल तर कमी गरम टोकाला काळपट, आरशासारखे चमकणारे, नखाएवढे चपटे स्फटिक मिळायचे. नशीब नसेल तर नुसती भुकटी. बायको विचारायची, "एवढं भाजून निघतं काय त्यातनं?" तिला मी कधी नीट सांगू शकलो नाही. आज सांगून बघतो.

अभ्रकाचा तुकडा ज्यांनी लहानपणी नखाने सोलला असेल, त्यांना हे स्फटिक कळायला अवघड नाही. थरावर थर रचलेले असतात आणि दोन थरांमधली पकड अगदी सैल असते. चिकटपट्टी लावून ओढली की वरचा थर निघून येतो. असं करत करत दोन-तीन अणूंएवढ्या जाडीचा पापुद्रा हाती येतो. गंमत अशी की हा पापुद्रा मूळ स्फटिकासारखा वागत नाही. त्यातून वीज वेगळ्या तऱ्हेने वाहते आणि त्याचं चुंबकत्वही वेगळं असू शकतं.

आता इलेक्ट्रॉनचं. त्याच्यावर विद्युतभार असतो हे शाळेत शिकवतात. पण प्रत्येक इलेक्ट्रॉन हा स्वतः एक अतिशय बारीक चुंबकही असतो, त्याचं तोंड वर किंवा खाली. या गुणाला स्पिन म्हणतात. आपला मोबाईल भार इकडून तिकडे ढकलून चालतो आणि म्हणून तापतो. भाराऐवजी या बारीक चुंबकाच्या दिशेने माहिती साठवली आणि नेली तर कितीतरी कमी ऊर्जेत काम होईल, या आशेवर जे शास्त्र उभं आहे ते स्पिनट्रॉनिक्स. त्याला हवं पापुद्र्याएवढं पातळ चुंबक. अशी चुंबकं आहेत, पण त्यातली बहुतेक कडाक्याच्या थंडीत, द्रव हेलियममध्येच चुंबक राहतात. खोलीतल्या हवेला आणली की चुंबकत्व जातं. खोलीच्या तापमानाला टिकणारं, हाताळायला सोपं असं चुंबक शोधायला जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळा लागल्या होत्या. आणि तळमजल्यावरच्या खोलीत आम्हीही.

आमची साधनं ऐकली तर हसू येईल. नळीत टंगस्टनची आणि सेलेनियमची पूड, चुंबकत्व यावं म्हणून चिमूटभर व्हॅनेडियम आणि आयोडिनचा एक खडा टाकायचा, आतली हवा पंपाने काढायची आणि तोंड वितळवून बंद करायचं. पण हवा काढताना आयोडिनही उडून जातं, म्हणून नळीचं बूड द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवावं लागतं. नगर जिल्ह्यात द्रव नायट्रोजन सहज मिळतो, कारण तो गाईंच्या कृत्रिम रेतनाला लागतो. मी राहुरीच्या बाजूला एका दूध केंद्रावर कॅन घेऊन जायचो. पहिल्या खेपेला तिथल्या माणसाने विचारलं, "सर, किती गाया हायेत?"

"एकही नाही."

"मग म्हशी का?"

"म्हशीही नाहीत. स्फटिक बनवायचेत."

त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि कॅन भरून दिला. पुढे कितीतरी वर्षं तो मला बघितल्यावर "आले फटिकवाले" म्हणायचा. भेट झाली की विचारायचा, "धरली का औंदा?" गाभण राहिली का, या सुरात. बहुतेक वेळा मी नाही म्हणायचो.

नळीचं तोंड बंद करणारे होते हुसेनभाई. झेंडीगेटजवळ त्यांचा निऑनच्या पाट्यांचा कारखाना होता. काचेच्या नळ्या वाकवून हॉटेलांची आणि थिएटरांची नावं लिहिण्यात त्यांची हयात गेली. एलईडी आल्यावर ते काम संपलं. मी त्यांच्याकडे क्वार्ट्झची नळी घेऊन गेलो तेव्हा त्यांनी ती कानाजवळ धरून टिचकी मारली आणि म्हणाले, "ह्या काचेला लई आग लागती, सर. पण करू." ऑक्सिजनच्या ज्योतीवर त्यांनी बारा नळ्या वाया घालवल्या. तेरावी बंद झाली. एकदा सेलेनियम जास्त पडून नळी भट्टीतच फुटली आणि सगळ्या इमारतीत सडलेल्या मुळ्यासारखा वास पसरला. परीक्षा चालू होती. वर्ग बाहेर काढावे लागले. दुसऱ्या दिवशी हुसेनभाई स्वतः आले, भट्टीतले तुकडे एकेक करून बघितले आणि म्हणाले, "जोड साबूत हाय. नळी मधनं गेलीय. माझी न्हाई चूक." मग माझ्याकडे बघून हसले.

करुणा माझ्याकडे पीएच.डी.ला आली ती याच सुमारास. बेलापूरची, वडील मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. कमी बोलायची. तिच्यात एक खोड होती, कुठलाही आकडा दोनदा घेतल्याशिवाय वहीत लिहायचा नाही. मला ती खोड आवडायची, म्हणजे तिचा त्रास होईपर्यंत आवडायची. स्फटिक वाढवण्यात ती वर्षभरात माझ्यापुढे गेली. भट्टीच्या दोन टोकांच्या तापमानातलं अंतर तिने बदललं, थंड करायचा वेग निम्म्यावर आणला, आणि भुकटीच्या जागी नखाएवढे, मग अंगठ्याएवढे स्फटिक निघायला लागले. मी जिथे जाईन तिथे ते दाखवत फिरायचो. "आमच्याकडे तयार होतात," म्हणायचो.

चुंबकत्व मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. ते दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या संस्थेत होतं, आणि सहा महिन्यांतून दोन दिवस आमच्या वाट्याला यायचं. स्फटिकाचा तुकडा चिमट्याने उचलून, सरबत पिण्याच्या नळीसारख्या प्लास्टिकच्या नळीत अडकवून यंत्रात सोडायचा. यंत्र बाहेरून चुंबकीय क्षेत्र देतं, वाढवतं, कमी करतं, उलटं करतं. पदार्थ चुंबक नसेल तर आलेखावर सरळ रेघ येते. चुंबक असेल तर क्षेत्र काढून घेतल्यावरही थोडं चुंबकत्व मागे राहतं, त्यामुळे जाताना एक वाट आणि येताना दुसरी, असा मधे फुगलेला वळसा तयार होतो. तो वळसा बघण्यासाठी आमचा सगळा खटाटोप.

तो आला. थंडीत आला आणि तापमान वाढवत खोलीच्या पातळीला आणलं तरी राहिला. पडद्यावर वळसा उमटत होता आणि मी खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून उभा होतो. करुणा म्हणाली, "सर, परत घेऊ या." परत घेतला. परत आला. परतीच्या एसटीत मी शिरूरपर्यंत अखंड बोलत होतो. ती खिडकीकडे बसून वहीत काहीतरी लिहीत होती.

पुढच्या खेपेला ती एकटीच मोजायला गेली, कारण कॉलेजच्या तपासणीत मी अडकलो होतो. आल्यावर सकाळीच माझ्या खोलीत आली. वही टेबलावर ठेवली, पण बसली नाही.

"सर, मी एक तुकडा मोजला. मग त्याचे दोन भाग केले आणि त्यातला एकच मोजला."

"बरं."

"सिग्नल निम्मा व्हायला पाहिजे ना? तो वाढलाय."

मी आलेख पाहिले. खरंच वाढला होता. तेव्हा मला काय वाटलं ते मला आजही लख्ख आठवतं. मला भीती वाटली. आणि त्या भीतीवर दोन मिनिटांत मी एक उत्तर शोधून काढलं. तुकडा तोडला की नव्या कडा तयार होतात. कडेवरच्या अणूंना शेजारी कमी, म्हणून त्यांचं चुंबकत्व जास्त असू शकतं. असं काहींनी गणिताने मांडलेलंही होतं. "अगं, ही तर आणखी चांगली गोष्ट आहे," मी म्हणालो. "हे चुंबकत्व कडांचं आहे!"

तिने वहीचं पान उलटलं. मग म्हणाली, "व्हॅनेडियम न घातलेला स्फटिकही मोजला, सर. त्यातही वळसा आहे. लहान आहे, पण आहे." आणि पुढे म्हणाली, "आपण चिमटा पोलादी वापरतो. प्रत्येक वेळी तोडताना, उचलताना कडेला घासतो. लोखंडाचा कण डोळ्यांना दिसणार नाही एवढा असला तरी त्या यंत्राला दिसेल. पुढच्या तारखेला फक्त प्लास्टिकच्या चिमट्याने हाताळलेले स्फटिक मोजू या."

चिमटा मीच आणला होता, घड्याळ दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानातून. बारीक टोकाचा, छान पकड देणारा.

मी म्हणालो, "सहा महिन्यांतून दोन दिवस मिळतात. ते चिमटा तपासण्यात घालवायचे? तोपर्यंत दुसरं कोणी छापून मोकळं होईल."

"चुकीचं छापण्यापेक्षा..."

"चुकीचं आहे हे तू ठरवणार?"

आवाज माझाच चढला होता. तिचा नाही. त्यानंतर महिनाभर आम्ही कामापुरतं बोलत होतो. शोधनिबंधाचा मसुदा तयार झाला, तो मी तिला वाचायला दिला. तिने व्याकरणाच्या चुका काढून परत केला आणि शेवटच्या पानावर पेन्सिलने लिहिलं होतं, 'चिमट्याची तपासणी बाकी.' मला ते फार लागलं. मी तिला बोलावून म्हणालो, "तुझा विश्वास नसेल तर यावर तुझं नाव तरी कशाला? काढू का?"

मला वाटलं होतं ती माघार घेईल. चार वर्षं झाली होती, छापील निबंधाशिवाय प्रबंध सादर करता येत नव्हता, आणि ते स्फटिक तिच्या हातचे होते.

ती म्हणाली, "काढा, सर."

मी काढलं. काढलं आणि पाठवून दिलं. दोन महिन्यांनी तिने भट्टीच्या वह्या, कपाटाची किल्ली आणि उरलेल्या नळ्यांची यादी माझ्या टेबलावर आणून ठेवली. वडिलांना अर्धांगाचा झटका आलाय, घरी जावं लागेल, असं सांगितलं. ते खरं होतं. पण तेवढंच कारण नव्हतं हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. मी म्हणालो, "बघ, सावकाश ये." ती हो म्हणाली. आली नाही. मी बोलावलंही नाही.

निबंध छापून आला. कॉलेजात सत्कार झाला, शाल आणि नारळ मिळाला. गावातल्या वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात माझ्या हातात स्फटिक आहे आणि तो मी चिमट्यानेच धरलेला आहे. हुसेनभाईंनी तो फोटो कारखान्यात लावला. दूध केंद्रावरच्या माणसाने पेढा मागितला. "धरली एकदाची," म्हणाला. ते वर्ष माझ्या नोकरीतलं सगळ्यात सुखाचं होतं असं मी तेव्हा म्हणायचो.

मग एका परदेशी प्रयोगशाळेचं पत्र आलं. फार सभ्य पत्र होतं. तुमचे स्फटिक आम्हाला पाठवाल का, आम्हाला तसा परिणाम मिळत नाही. मी पाठवले. दीड महिन्याने दुसरं पत्र आलं. स्फटिक उत्तम आहेत, असं त्यांनी आधी लिहिलं होतं. पण चिकटपट्टीने वरचे थर काढून आतला भाग मोजला तर त्यात चुंबकत्व नाही. सौम्य आम्लाने कडा धुतल्या तर उरलेल्या तुकड्यातलंही जातं. तुम्ही स्फटिक कशाने हाताळता, असा शेवटी एक प्रश्न होता.

त्या प्रश्नाचं उत्तर मला शोधावं लागलं नाही, मला ते दीड-दोन वर्षांपासून माहीत होतं. तरी मी यंत्राची तारीख मिळवली. नवी नळी भाजली, फक्त प्लास्टिकचा चिमटा वापरला आणि स्फटिक घेऊन एकटा गेलो. आलेखावर सरळ रेघ आली. चुंबक नसलेल्या पदार्थाची असते तशी किंचित खाली कललेली, स्वच्छ, कुठेही फुगवटा नसलेली. दुसरा तुकडा लावला. रेघ. तिसरा. रेघ. मग पहिल्याच तुकड्याला पोलादी चिमट्याने चार वेळा कडेला धरलं आणि परत मोजला. वळसा आला. तोच, जो बघून मी खुर्ची धरून उभा राहिलो होतो.

निबंध मी मागे घेतला. हे मी स्वतःहून केलं, एवढं मात्र म्हणतो. मागे घेताना चार ओळींची सूचना छापतात. ती मी लिहिली. पुढच्या शैक्षणिक वर्षात ती भट्टीची खोली कॉलेजने दुसऱ्या विभागाला दिली. त्याला माझी हरकत नव्हती. हुसेनभाईंना सांगायला गेलो तेव्हा त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आयुष्यभर ज्योतीकडे बघितल्याचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नळी माझी गळली का, सर? हवा घुसली?"

"नाही हुसेनभाई. नळी चांगली होती."

"मग चुकलं कुनाचं?"

मी म्हणालो, "चिमट्याचं."

ते मान हलवत राहिले. फोटो मात्र त्यांनी काढला नाही. त्यांना तो नीट दिसतही नव्हता.

सूचना छापून आल्यावर मी बेलापूरला गेलो. करुणाच्या आईने दार उघडलं. "या सर, आत या. ती शिकवनीला गेलीय, येईलच आता." आतल्या खोलीत वडील पलंगावर होते. त्यांनी डावा हात उचलला. बोलता येत नव्हतं. आई चहा ठेवता ठेवता म्हणाली, "पुस्तकांचं खोकं तिनं अजून सोडलं न्हाई बगा. मी सोडते म्हनलं तर नको म्हनते."

करुणा आली. श्रीरामपूरला अकरावी-बारावीच्या वर्गांवर तासिका तत्त्वावर शिकवत होती आणि संध्याकाळी शिकवण्या घेत होती. मला बघून दचकली नाही. मी पिशवीतून नवे आलेख काढून तिच्यापुढे ठेवले. काय बोलायचं ते सगळं वाटेत ठरवलं होतं, त्यातलं काही आठवेना.

ती आलेख घेऊन खिडकीपाशी गेली. एकेक कागद उजेडाला धरून बघितला. आकडे बोटाने मोजले. मी ओळखत होतो ती बघण्याची रीत.

"उतार बरोबर आलाय," ती म्हणाली. "किती तुकडे?"

"तीन."

"पाच घ्यायला हवे होते." मग म्हणाली, "पण छान आहे."

मी म्हणालो, "करुणा, तू बरोबर होतीस. माझं चुकलं. परत ये. नोंदणीचं मी बघतो. हेच काम तुझ्या नावाने छापू, काय नाही ते दाखवणंही महत्त्वाचं असतं."

"नोंदणीची मुदत गेली, सर. आणि बाबांना उठवायला दोन माणसं लागतात."

थोड्या वेळाने ती आत गेली आणि एक कागद घेऊन आली. माझी चार ओळींची सूचना, तिने कुठल्याशा दुकानात छापून आणलेली. म्हणजे मी सांगायला येण्याआधीच तिने ती वाचली होती. एका ओळीवर तिने बोट ठेवलं.

"इथे लिहिलंय, 'हाताळणीतल्या लोहकणांमुळे हा परिणाम आल्याचे नंतर आमच्या लक्षात आले.'"

"हो."

"आमच्या म्हणजे कोणाच्या, सर?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरोखर विचारत होती, जसा एखादा आकडा पटला नाही की विचारायची. वडील पलंगावरून माझ्याकडे बघत होते. मी चहा संपवला. 

घरी आल्यावर मी त्या नियतकालिकाला पत्र लिहिलं, सूचनेत दुरुस्ती करा म्हणून. सूचनेला दुरुस्ती जोडण्याची पद्धत नाही, असं त्यांनी कळवलं. करुणाच्या प्रबंधासाठी दुसरीकडे शब्द टाकला, त्यांनी तिचं वय विचारलं. मग मी निवृत्त झालो. हुसेनभाई गेले. करुणाचे वडील गेल्याचं मला उशिरा कळलं, तेव्हा फोन केला, तर ती म्हणाली, चर्चच्या मंडळींनी सगळं नीट केलं, तुम्ही यायची गरज नाही.

या अंकाच्या संपादकांनी नोकरीतले अनुभव मागितले तेव्हा मी पहिल्यांदा नळी, गाई आणि परीक्षेतला वास एवढंच लिहून काढलं होतं. लोक हसले असते. ते बाजूला ठेवून करुणाला फोन केला. म्हटलं, हे लिहू का, नाव घालू का.

 तिच्या मागे वर्ग सुटल्याचा गोंधळ ऐकू येत होता.

"आडनाव नको, सर. आणि मी बिचारी होते असं लिहू नका. मला मोजायचं होतं, तुम्ही मोजू दिलं नाही, एवढंच झालं."

"आणखी काही?"

"चार वर्षं मी चांगले स्फटिक वाढवले. ते लिहा. ते कुणाला माहीत नाही."

तेव्हा लिहितो. ते स्फटिक करुणाने वाढवले होते. त्यांत चुंबकत्व नव्हतं, हे पहिल्यांदा लक्षात आलं ते तिच्या. तिने ते वेळेवर मला सांगितलं होतं, आणि मी ऐकलं नाही.